पाववाल्यांच्या दाराचं कुलूप

पत्र आलं तेव्हा काका एका गंजलेल्या कुलपाचं पोट उघडून बसले होते. त्यांनी पत्र बसल्या बसल्या वाचलं आणि कानशींच्या डब्याखाली सारून ठेवलं. त्याला उत्तर द्यायचं राहून गेलं असं म्हणता येणार नाही. राहून जाणं वेगळं. रोज सकाळी दुकान उघडलं की ते डबा उचलायचे, पत्र जागेवर आहे ना ते बघायचे आणि डबा पुन्हा ठेवून द्यायचे.

पत्र पाववाल्यांच्या मुलीचं होतं. लग्न होऊन ती दूरच्या शहरात गेली, त्याला बरीच वर्षं झाली होती.

‘काका, फोनवर मला बोलवत नाही, म्हणून लिहिते आहे,’ असं तिने सुरुवातीलाच म्हटलं होतं. ‘दवाखान्यातल्या सिस्टरांनी सगळं सांगितलं. वादळाच्या दिवशी बाबा सगळ्यांबरोबर शाळेत आसऱ्याला गेले होते, मग कुणालाही न सांगता घरी परतले आणि पाण्यात सापडले. त्या सकाळी मी त्यांच्याकडून शब्द घेतला होता. म्हटलं, या वेळी हट्ट नको, ट्रक येईल त्यात बसा. हो म्हणाले. काका, ते परत कशासाठी आले? त्या पावाच्या पत्र्याच्या साच्यांसाठी? तुम्ही शेजारी आहात, तुम्हाला माहीत असेल. आता मला रडू येत नाही, नुसता राग येतो. रस्ते सुरू झालेत असं कळलं, पण मला यायचं नाही. ज्या घरासाठी त्यांनी मला दिलेला शब्द मोडला, ते घर मला बघायचं नाही. किल्ली तुमच्याकडे आहे म्हणतात. राहू दे तुमच्याकडेच.’

परत कशासाठी आले? काकांना उत्तर माहीत होतं. ते परत आले नव्हते, कारण ते गेलेच नव्हते.

“काका! आहात ना?”

रस्त्यावरून भोंगाने हाक मारली. भोंगा टेंपो चालवायचा. त्याचा आवाज असा, की टेंपोला हॉर्न नसता तरी भागलं असतं. वादळानंतर आपल्या भाड्यांकडे पाठ फिरवून तो गल्लीचीच कामं करत होता. कुणाचे पत्रे आण, कुणाला दवाखान्यात ने. आणि दिवसातून एकदा तरी काकांच्या दुकानात डोकाव.

“आहे,” काका म्हणाले.

“जेवलात?”

“जेवलो.”

“थापा नका मारू. काकू सांगत होत्या, ताट तसंच्या तसं परत गेलं.”

“तू आता माझ्या ताटावर पाळत ठेवतोस?”

“मी एकटा कुठे, सगळी गल्ली ठेवते. तुमच्या पोटात काय गेलं ते सध्या तुमच्यापेक्षा आम्हाला जास्त ठाऊक असतं.” भोंगाने पिशवीभर कुलपं फळीवर ओतली. “ही घ्या. खाऱ्या पाण्याने सगळ्यांचे दात बसलेत. घाई नाही. पण हात चालू राहू दे.”

काकांनी एक कुलूप उचललं. हे काम त्यांना गुंतवून ठेवण्यासाठी गोळा केलेलं आहे, हे त्यांना कळत होतं. त्यातली निम्मी कुलपं फेकून देण्याच्या लायकीची होती.

“भोंग्या,” ते म्हणाले, “पाववाल्यांच्या मुलीचं पत्र आलंय.”

भोंगाचा आवाज एकदम खाली आला. इतका खाली तो येऊ शकतो, हे कुणाला खरं वाटलं नसतं. “सिस्टर बोलल्यात तिच्याशी,” तो म्हणाला. “तुम्ही त्यात पडू नका,” आणि टेंपो चालू करून निघून गेला.

या वादळाआधीच्या वादळात गल्ली रिकामी झाली होती तेव्हा होड्या घेऊन चोर आले होते आणि नळाच्या तोट्यांपासून शिवणयंत्रांपर्यंत मिळेल ते घेऊन गेले होते. म्हणून या वेळी ठरलं होतं, की ट्रक निघाले की कुलूपवाल्या काकांनी गल्लीतून एक फेरी मारायची आणि जी दारं घाईत उघडी राहिली असतील त्यांना दुकानातली कुलपं लावायची. किल्ल्या त्यांच्याकडे. लोक ट्रकमध्ये चढता चढता ओरडत होते, “काका, आमचं तेवढं बघा हं!” वयाला शोभेल असं, आपल्याला जमेल असं काम मिळालं म्हणून काकांना बरं वाटलं होतं. काही पक्क्या घरांतली माणसं मागेच राहणार होती, काका-काकूही त्यांतले.

भर दुपार होती, पण संध्याकाळसारखा अंधार होता. पाऊस आडवा लागत होता. पाववाल्यांचं दार नुसतं लोटलेलं होतं. काकांनी हाक मारली. पुन्हा मारली. वाऱ्याने हाक तोंडातून बाहेर पडताच ओढून नेली. त्यांनी दार ढकलून डोकं आत घातलं. बाहेरची खोली रिकामी होती. दाराशी पाववाल्यांचे बूट नव्हते.

पाववाले घरात असले की त्यांचे बूट दाराशी असत, हे गल्लीतलं कुणीही सांगितलं असतं. काळे, टाचा झिजलेले, एकमेकांना चिकटून ठेवलेले. बूट नाहीत म्हणजे माणूस गेला. तरी काकांच्या मनात आलं होतं, की मागच्या खोलीत एकदा बघून यावं. पण पायांना चिखल होता. पाववाल्यांची फरशी आरशासारखी असायची, आणि चिखलाचे पाय घेऊन दुसऱ्याच्या घरात शिरणं काकांना कधी जमलं नव्हतं. त्यांनी दार ओढलं, कडी घातली, कुलूप लावलं आणि एकदा खाली ओढून बघितलं. चांगलं बसलं होतं.

पाववाल्यांनी जन्मभर रात्री भट्टीपुढे काढल्या होत्या. बेकरी सुटली तरी शरीराला रात्र कळली नाही. दिवसा झोपायचे, ते गाढ. त्यात कानांनी जवळजवळ रजा घेतलेली. हेही सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पण त्या दुपारी ते एकाच्याही डोक्यात आलं नाही. शाळेत पोचलेल्यांना वाटलं, ते मागे राहणाऱ्यांबरोबर थांबले. मागे राहिलेल्यांना वाटलं, ते शाळेत गेले.

समुद्र संध्याकाळी आत आला. रात्रभर होता.

दुसऱ्या दिवशी पाणी गुडघ्याखाली उतरल्यावर हाळी निघाली. प्रत्येक वादळानंतर ती निघते. गल्लीच्या वरच्या तोंडापासून एकेका दारापुढे थांबून ओरडायचं, “कोण आहे?” आतून सगळ्यांनी मिळून उत्तर द्यायचं, “आहोत!” मग त्या घरातला एक माणूस हाळीत सामील होतो आणि पुढच्या दाराशी तोही ओरडतो. असं करत गल्लीच्या खालच्या तोंडाशी पोचेपर्यंत चांगला घोळका होतो. कुणी रडतं, कुणी उगाच हसतं. ज्या घराला कुलूप असेल तिथे थांबायचं नाही. नुसतं “कुलूप!” म्हणायचं आणि पुढे सरकायचं.

त्या दिवशी भोंगा पुढे होता, त्याच्या बाजूला काका. कुलपं त्यांनीच लावलेली, म्हणून “कुलूप” म्हणायचं काम त्यांचं होतं. पाववाल्यांच्या दारापुढे भोंगाने तोंड उघडलंही होतं.

“कुलूप,” काका म्हणाले.

आणि सगळे पुढे गेले.

शाळेतली माणसं परतली तेव्हा कुणीतरी विचारलं, “पाववाले कुठायत?” आधी हा प्रश्न सहज विचारला गेला. मग जरा मोठ्याने. मग सगळेच काकांकडे बघायला लागले. काकांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. भोंगाने जुडगा घ्यायला हात पुढे केला. त्यांनी दिला नाही. कुलूप पहिल्याच फेऱ्यात उघडलं. खारं पाणी पिऊनही ते अडलं नव्हतं. चांगल्या बनावटीचं होतं.

जेवणाचं टेबल दाराशी ओढून लावलेलं होतं. पाववाले त्यावर होते, गुडघे पोटाशी घेऊन, कुशीवर. पायात बूट होते, नाड्या दुहेरी गाठीने बांधलेल्या. उशाशी भरलेली पिशवी होती. तिच्यात दोन सदरे, औषधाच्या गोळ्या, दाढीचं सामान. ट्रक आला की लगेच उठून निघता यावं म्हणून ते बूट घालूनच झोपले होते.

आतल्या बाजूने दाराची मूठ उखडलेली होती. तिचे स्क्रू लाकडासकट बाहेर आले होते. असे स्क्रू वाऱ्याने येत नाहीत. हे तिथे फक्त काकांना कळलं, आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही.

दवाखान्यातल्या सिस्टर आल्या. त्यांनी बघितलं, चादर ओढली.

“पाण्यात गेले,” त्या म्हणाल्या. “त्याच रात्री.”

“सिस्टर, आमची हाळी गेली तेव्हा…”

“त्याच रात्री, म्हटलं ना.” पण हे सांगताना त्या काकांकडे न बघता चादरीची कड सारखी करत होत्या. “आणि काका, हा प्रश्न पुन्हा विचारायचा नाही. मला नाही, स्वतःलाही नाही.”

भिंतीवर पाण्याची रेघ उमटली होती. ती टेबलाच्या वर होती की खाली, हे काकांनी बघितलं नाही. बघायचं नाही म्हणूनच बघितलं नाही. रेघ वर असेल तर पाववाले पाण्याने गेले. खाली असेल तर पाणी ओसरल्यावरही ते त्या टेबलावर जिवंत होते. बाहेरून कोण काय ओरडतंय ते ऐकू येत नसलेले, पण होते.

रस्ते वाहून गेले होते. मुलीला येणं शक्य नव्हतं आणि तिच्यासाठी थांबणंही. अंत्यविधी गल्लीनेच उरकले. सरकारी माणूस होडीने येऊन ‘पुरात बुडून’ एवढं लिहून गेला. त्याच दिवशी सिस्टरांच्या ओट्यावर सगळ्यांनी मिळून ठरवलं. त्या चर्चेला काका नव्हते. नंतर त्यांना फक्त निकाल कळवला गेला. पाववाले शाळेत गेले होते. परत आले. झालं.

“पण हे खरं नाही,” काका म्हणाले होते.

“खऱ्याने काय ते उठून बसणार आहेत?” भोंगा म्हणाला होता. “तुम्ही आमची घरं वाचवायला गेला होतात. आम्ही तुम्हाला वाऱ्यावर सोडू?”

आणि तेव्हापासून गल्लीने त्यांना धरून ठेवलं होतं. कुणी सकाळचा चहा आणून द्यायचं. कुणी संध्याकाळी गप्पांना यायचं आणि वादळ सोडून सगळ्यावर बोलायचं. काकांनी “त्या दिवशी” असा शब्द काढला रे काढला, की समोरचा माणूस पत्र्यांच्या भावावर जायचा. माया होती, यात शंकाच नाही. पण त्या मायेत तोंड उघडायला जागा नव्हती.

पत्राला उत्तर लिहायचं तर आधी ती रेघ बघायला हवी, असं काकांच्या मनाने घेतलं. मुलीने तसं काही विचारलं नव्हतं. पण आज ना उद्या ती विचारणारच. एका दुपारी, गल्ली जेवून जरा पडलेली असताना, ते किल्ली घेऊन निघाले. पाववाल्यांच्या दारापाशी त्यांनी चपला काढल्या. मग आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं.

दाराचं कुलूप कडीत नुसतं अडकवलेलं होतं. आतून ओल्या चुन्याचा वास आला.

सिस्टर पदर खोचून फरशी पुसत होत्या. चारी भिंती पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या. रेघ नव्हती. टेबलही नव्हतं.

“अगंबाई, काका!” सिस्टर उठल्या. “तुमच्या नकळत दुसरी किल्ली घेतली म्हणून रागावू नका. काकूंनीच दिली. पोर कधीतरी येईलच, तिला त्या चिखलात कसं पाय ठेवू द्यायचा? सगळ्यांनी मिळून दोन हात दिलेत चुन्याचे. बघा, कसं लख्ख झालंय.”

“टेबल?”

“फुगलं होतं हो. फोडून टाकलं.”

काका भिंतीजवळ गेले. कुठे काही दिसतंय का म्हणून त्यांनी तळहात फिरवला. हाताला चुना लागला.

“रेघ कुठपर्यंत होती, सिस्टर?”

सिस्टरांनी पोछा बादलीत पिळला. बराच वेळ पिळला. “मी नाही पाहिली,” त्या म्हणाल्या.

“मी तिला लिहिणार आहे.”

“काय लिहिणार?”

“ते गेले नव्हते म्हणून.”

“म्हणजे मी खोटी. फोनवर ती माझ्याशी बोलली, मी तिला सांगितलं, ती हुंदके देत होती आणि मी सांगत होते. आता तुम्ही मला खोटं पाडणार.”

“तुम्हाला माहीत नव्हतं असं लिहीन.”

“मग तेही खोटंच की!” सिस्टर ओरडल्या आणि त्या पांढऱ्या खोलीत त्यांचा आवाज घुमला. मग त्या खाली बसल्या. “काका, आम्ही एवढं सगळं कशासाठी केलं?”

काका दाराकडे वळले. त्यांनी सवयीने दाराला कुलूप लावायला हात नेला, सिस्टर आत आहेत हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि कुलूप हातातच घेऊन ते पायरी उतरले.

काका घरी पोचायच्या आधीच काकूंना हे सगळं कळलं होतं. ताट वाढता वाढता त्या म्हणाल्या, “त्या पोरीला तुम्ही काही लिहायचं नाही.”

“तिला बापाचा राग येतोय, अगं. त्यांनी शब्द मोडला असं तिला वाटतंय. ते बूट घालून झोपले होते.”

“येऊ दे राग. गेलेल्या माणसाला त्याचं काय? आपल्याला अजून इथे राहायचंय.” काकूंचा हात थांबला. “ती आली, दारात उभी राहिली आणि तिने मला विचारलं, तर मी कुठे बघू? सांगा ना. आणि उद्या पोलीस आले, तर ही सगळी माणसं, जी रोज तुमच्यासाठी चहा आणतात, ती कुणाच्या बाजूने बोलतील?”

“आपल्या.”

“म्हणजे तुमच्यापायी सगळ्या गल्लीने पुन्हा खोटं बोलायचं.”

काकू काही चुकीचं बोलत नव्हत्या. काकांनी डोक्यात सगळ्या बाजू मांडून बघितल्या तरी काकू चुकीच्या ठरत नव्हत्या. सिस्टरही नाही, भोंगाही नाही. फक्त एक माणूस पिशवी भरून, मुलीला दिलेला शब्द पाळायला तयार होऊन झोपला होता, आणि त्याची मुलगी त्याच्यावर रागावलेली होती. त्या माणसाच्या बाजूने बोलायला काकांखेरीज कुणी नव्हतं.

“लिहायचंच असेल तर लिहा,” काकू शेवटी म्हणाल्या. “पण माझा नमस्कार वगैरे त्यात घालू नका.” आणि त्या आत गेल्या.

काकांनी दुकानात बसून लिहिलं. आधी एक लांबलचक पत्र लिहिलं. त्यात पाऊस होता, वारा होता, मागच्या खेपेचे चोर होते, चिखलाचे पाय होते. वाचून बघितल्यावर त्यांना वाटलं, हे तर वकिलाने लिहिल्यासारखं झालंय. ते फाडलं. दुसऱ्या पत्रात त्यांनी स्वतःला इतका बोल लावला होता, की वाचणाऱ्या मुलीला त्यांचीच समजूत काढावी लागली असती. तेही फाडलं. तिसरं कागदाच्या एकाच बाजूवर मावलं.

‘बाबा परत आले नव्हते. ते गेलेच नव्हते. तुला शब्द दिल्याप्रमाणे त्यांनी पिशवी भरली होती आणि ते बूट घालून मागच्या खोलीत झोपले होते. ट्रक आला ते त्यांना ऐकू आलं नसावं. दाराशी बूट दिसले नाहीत, म्हणून घर रिकामं आहे असं समजून मी बाहेरून कुलूप लावलं. मी आत जाऊन बघितलं नाही. ते दार उघडायचा खूप प्रयत्न करत होते. दुसऱ्या दिवशी आम्ही गल्लीत हाका मारत फिरलो तेव्हा ते होते की नव्हते, हे मला माहीत नाही आणि आता कुणालाच कळणार नाही. तुझ्याशी कुणी वेगळं बोललं असेल तर ते मला वाचवण्यासाठी. त्यांच्यावर रागावू नकोस. बाबांवर तर नकोच. किल्ली माझ्याकडे आहे. तू सांगशील त्याच्या हाती देईन.’

खाली सही करताना ‘तुझा काका’ असं हाताच्या ओघात लिहिलं गेलं. ते ठेवावं की खोडावं, हे त्यांना ठरवता येईना. खोडलं तर खोडलेलं दिसलं असतं. तसंच राहू दिलं.

पोस्टाची इमारत पडली होती. बाजारातल्या एका गाळ्यात तात्पुरती खिडकी उघडली होती आणि तिच्यापुढे रांग होती. गल्लीतून जाताना प्रत्येक दारातून विचारणा झाली. “काका, बरं आहे ना?” “कुठे निघालात उन्हाचे?” “सोबत येऊ का?” काका प्रत्येकाला मान हलवून ‘बरं आहे’ म्हणत गेले. भोंगा टेंपोचं चाक बदलत होता. त्याने काकांच्या हातातलं पाकीट बघितलं. पाना हातात धरून उकिडवा बसून राहिला आणि मग मान खाली घालून नट आवळायला लागला.

खिडकीमागे एक तरुण बाई होत्या. त्यांनी पाकीट हातात घेऊन वजन केलं, पत्ता वाचला.

“एवढ्या लांब होय! आजोबा, काही निकडीचं असेल तर फोन लागतात आता.”

“नाही,” काका म्हणाले. “तिला वाचू दे.”

“बरं.” बाईंनी तिकीट लावलं, शिक्का मारला.

“पोचेल ना?”

“पोचेल की. रस्ता झालाय सगळा.” त्यांनी पाकीट मागच्या पोत्यात टाकलं. पोतं जवळजवळ भरलेलं होतं. आणखी काही पाकिटं वर पडली आणि ते दिसेनासं झालं.

“आजोबा, गेलं तुमचं पत्र,” बाई जरा वेळाने म्हणाल्या. “हात काढा आता.”

काकांचा हात अजून खिडकीतच होता. त्यांनी तो काढून घेतला आणि मागच्या माणसाला जागा करून दिली.